साखर जाळली की भाजली? नंदुरबारच्या ओट्यावरचं चॉकलेट आणि कॅरमल

ज्यांना चाळीस मिनिटं ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे", "अॅक्च्युअली" तेवढे काढलेत.

गेल्या दिवाळीत मी नंदुरबारला घरी होतो. काकांच्या मुलीचा दहावा वाढदिवस आला होता आणि तिला रीलमध्ये बघितलेला केक हवा होता: चॉकलेटचा, वरून कॅरमल ओघळणारा. मी म्हटलं, ऑर्डर कशाला, घरीच करू. घरात ओव्हन नव्हता, पण ते नंतर बघू म्हटलं. आधी कॅरमल. कढईत साखर टाकली, गॅस मंद केला, साखर कडेनं वितळायला लागली, थोडी तांबूस झाली, तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला, "काय करी ऱ्हायना रे भाऊ, साखर जाळी ऱ्हायना का?"

मी दचकून गॅस बंद केला. साखरेचा दगड झाला. उलथनं त्यातच अडकलं.

काका हसले आणि म्हणाले, "अरे, आपल्याकडे बेक करायची पद्धतच नव्हती कधी. आपलं सगळं तळायचं नाहीतर उकडायचं. हे बाहेरचं खाणं, बाहेरूनच मागव." सगळ्यांनी माना हलवल्या. आजी काहीच बोलली नाही, कढईत पाणी घालून ती घासायला घेतली.

मला ते वाक्य खटकलं. "पद्धतच नव्हती." आमच्या कामात कोणी म्हणालं की "हे आपल्या सिस्टिममध्ये कधी नव्हतंच", तर आधी जुने लॉग काढून बघायचे असतात. म्हणून या भागात तेच केलंय. नंदुरबारच्या घरात भाजणं होतं का, साखर तांबूस करणं होतं का, आणि चॉकलेट आलं कुठून?

आधी आच

बेकिंग म्हणजे कोरड्या उष्णतेनं, सगळीकडून, सारखं भाजणं. पेटी हवीच असं नाही.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे होतात. आमरसाबरोबर खायचे. मातीचं खापर चुलीवर उपडं ठेवायचं, त्याची पाठ तापवायची आणि हातांवर मोठी केलेली पुरणाची पोळी त्या गोल पाठीवर टाकायची. पोळी एवढी पातळ की हातावरून नीट सुटली नाही तर फाटते. खापर किती तापलं हे सांगायला काटा नाही. पाण्याचा शिपका मारून, त्याचा आवाज ऐकून बायका ठरवतात. जास्त तापलं तर पुरणातला गूळ करपतो, कमी तापलं तर पोळी कच्ची राहून चिकटते. मधल्या चार-दोन क्षणांत पोळी खरपूस होते. हे तापमान सांभाळणं नाही तर काय आहे?

दुसरी गोष्ट तुमच्यापैकी अनेकांच्या आईनं किंवा मावशीनं केलेली असेल. दिवाळीच्या किंवा ईदच्या आधी घरून मैदा, रवा, तूप, साखर डब्यात भरून गावातल्या बेकरीत न्यायची, नंबर लावायचा आणि नानकटाई किंवा बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यातून घरी आणायची. सामान घरचं, प्रमाण घरचं, भट्टी फक्त भाड्याची. महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या गावांत ही पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. आपण याला होम बेकिंग म्हणत नाही, कारण त्याचा फोटो कोणी काढला नाही.

आणि नानकटाई आपल्याला दूरची नाही. ताप्ती व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली तेव्हापासून नंदुरबार थेट सुरतेला जोडलं गेलं. सुरतेत डचांची वखार होती, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या भट्टीवर पारशी दोटीवाला घराण्यानं पाव आणि बिस्किटांचा व्यवसाय उभा केला. ती बेकरी आजही सुरतेत आहे. आमच्याकडे पाहुणे सुरतेहून येताना नानकटाई आणतात त्यामागे एवढा जुना रस्ता आहे.

तिसरी गोष्ट तर आमच्याच माळ्यावर निघाली. हे सगळं मी आजीला सांगत होतो, तर ती म्हणाली, "हांडवानं कुकर से ना वर." नंदुरबार गुजरातला खेटून आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. त्यामुळे शेजारच्या गुजराती घरांतून हांडव्याचं भांडं आमच्यासारख्या घरांत येणं साहजिकच होतं. अॅल्युमिनियमचं भांडं, खाली वाळू भरायची ताटली, वर भोकांचं झाकण. गॅसची ज्योत थेट भांड्याला लागत नाही. आधी वाळू तापते आणि ती हळूहळू, सारखी उष्णता देते. इंजिनिअरिंगच्या भाषेत वाळू म्हणजे थर्मल बफर. आजीच्या भाषेत, "वाळू ऱ्हायनी का खाले बळत नही."

म्हणजे काकांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गेला. भाजायची पद्धत होती, आणि बारकाईनं होती.

मग साखर

आता कॅरमल. इथं मात्र काका काही अंशी बरोबर निघाले.

आपल्या भाषेत पाकाच्या पायऱ्या बघा: एकतारी, दोनतारी, गोळीबंद, कडक. हे शब्द म्हणजे बोटांनी वाचायचा थर्मामीटर आहे. पाणी उडत जातं तसा पाक जास्त तापत जातो. एकतारी साधारण 105 अंश सेल्सिअसच्या आसपास, गोळीबंद 115 च्या आसपास, आणि टिचकी मारल्यावर मोडणारा कडक पाक 150 च्या आसपास. युरोपातले मिठाईवालेही थंड पाण्यात थेंब टाकून याच पायऱ्या ओळखायचे. कॅरमल पुढच्या पायरीवर असतं, साधारण 160 ते 170 अंशांवर. तिथं साखर फक्त वितळत नाही, तर तुटते. तिच्यातलं पाणी निघून जातं आणि शेकडो नवी संयुगं तयार होतात. रंग, लोण्यासारखा वास आणि किंचित कडवटपणा त्यांतूनच येतो. आणखी तापवली की ती नुसती कडू होते.

कडक पाक आणि करपलेला पाक यांच्या मधल्या या पायरीला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्द नाही. "कॅरमल"च म्हणावं लागतं. गंमत म्हणजे चवीसाठी शब्द आहे: खरपूस. बेसन खरपूस भाजतो, रवा खरपूस भाजतो. कंदी पेढ्यासाठी खवा तांबूस होईपर्यंत परततो. तिथं साखरेबरोबर दुधातली प्रथिनंही भाग घेतात. या क्रियेला मेयार्ड अभिक्रिया म्हणतात, लुई-कामिय मेयार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये ती मांडली. म्हणजे पीठ, रवा, खवा हे सगळं आपण करपण्याच्या अलीकडे नेऊन थांबवतो. नुसती साखर मात्र नेत नाही. का?

मला वाटतं, उत्तर रेशन कार्डात आहे.

1967-68 पासून आपल्या देशात साखरेवर अर्धं नियंत्रण होतं. कारखान्यांनी ठरावीक वाटा सरकारला स्वस्तात द्यायचा, त्याला लेव्ही साखर म्हणायचे, आणि ती रेशनच्या दुकानातून मिळायची. ही लेव्ही 2013 मध्ये बंद झाली. त्या आधीच्या काळात लेव्ही साखरेचं वाटप ज्या मापानं व्हायचं ते माप होतं माणशी महिन्याला 425 ग्रॅम.

आता माझं रीलमधलं कॅरमल बघा. साखर 200 ग्रॅम. म्हणजे एका माणसाच्या महिन्याच्या साखरेचा जवळजवळ अर्धा वाटा मी कढईत टाकला होता आणि तो तांबूस, म्हणजे आजीच्या डोळ्यांना जळताना दिसत होता. तिनं आयुष्यभर रांगेत उभं राहून ती साखर आणली. चहाला किती, सणाला किती हे मोजून ठेवलं. अशा घरात साखर 160 अंशांपर्यंत नेऊन "बघू काय होतं" हा प्रयोग कोण करणार? चुकलं तर परत कुठून आणायची?

आणि हे ऊस पिकणाऱ्या भागात चाललं होतं. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. नवापूर तालुक्यात डोकाऱ्याला आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे. उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकणं हा आमचा हिवाळा. पण गोडाची मालकी शेत कुठं आहे यावर ठरत नाही.

सातपुड्याचं कॅरमल

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याचा वरचा भाग, धडगाव आणि अक्कलकुवा, म्हणजे सातपुडा. तिथं गोडाची दुसरीच गोष्ट आहे, आणि ती मला माझ्या अक्कलकुव्याच्या शाळेतल्या मित्रामुळे कळली.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. पहाटे झाडाखाली ती वेचायची आणि उन्हात वाळवायची. ताजं फूल फिकट, रसरशीत असतं. वाळलं की मनुक्यासारखं तपकिरी होतं. चावून बघा: मनुका, गूळ आणि मागे थोडी धुरकट कडवट चव. या फुलात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर असतं, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा बरंच कमी तापमानाला, 110 अंशांच्या आसपासच तांबूस व्हायला लागतं. म्हणजे कढईत हलकं भाजलं तरी कॅरमलचा वास येतो. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा घरांमध्ये ही फुलं उकडून, भाजून, पिठात मिसळून, लाडू करून खाल्ली जातात. टंचाईच्या महिन्यांत तर ती पोटाला आधार देतात.

पण सरकारी कागदांत मोह म्हणजे दारू. इंग्रजांनी 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळणं परवान्याखाली आणलं, कारण त्यातून महसूल येत होता. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर खास मोहाच्या फुलांचाच कायदा आला. स्वातंत्र्यानंतरच्या 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांवर बंधनं राहिली. फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरचे निर्बंध राज्य सरकारनं सैल केले ते 2021 मध्ये.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दारूचा त्रास खोटा नव्हता. 1972-73 मध्ये शहादा भागात आदिवासी बायकांनीच मोर्चे काढून दारूची मडकी फोडली होती. त्यांचा राग नवऱ्याच्या पिण्यावर होता, घरात उपाशी राहणाऱ्या पोरांसाठी होता. तो राग खराच होता. पण कायद्याची नजर मडक्यावरून फुलावर गेली की लाडू करणारी बाईही संशयात येते.

मित्र म्हणाला, "कॉलेजला असताना मी रूमवर मोहाचे लाडू नेले होते. सगळे हसले आणि म्हणाले, बाटली कुठंय? त्यानंतर मी कधी नेलेच नाहीत." लाडू चविष्ट होते, लपवावे लागले. मला हे माझ्या उलथन्याच्या दगडापेक्षा जास्त लागलं, कारण हसणाऱ्यांत मीही असू शकलो असतो.

इथं थोडं लांब, फ्रान्सला जाऊ, कारण तिथं अगदी उलटं घडलं. आज कॅफेत तीनशे रुपयांना मिळणारं सॉल्टेड कॅरमल ब्रिटनी या प्रांतातलं. जुन्या फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता, पण ब्रिटनीला त्यातून सूट होती. त्यामुळे तिथं लोण्यात मीठ घालायची सवय टिकली. त्याच खारट लोण्यातून 1977 मध्ये आंरी ल रू या मिठाईवाल्यानं किब्रोंमध्ये खारं कॅरमल केलं, आणि ते जगभर गेलं. करातून सूट मिळाली म्हणून तिथली घरगुती चव जगाची झाली. सातपुड्यातली चव कायद्यानं घरातच दडवली. हातांचं कौशल्य दोन्हीकडे होतंच.

आणि "चॉकलेट"

आता केकमधला तिसरा घटक. मराठीत चॉकलेट म्हणजे काय? लहानपणी दुकानदार सुटे पैसे नाहीत म्हणून जे द्यायचा ते सगळं चॉकलेट. त्यात कोको असो नसो.

खान्देशात हे चॉकलेट बहुतेक वेळा रावळगावचं असायचं. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. वालचंद हिराचंद, ज्यांचं नाव आपण जहाजं, विमानं आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे ऐकतो, त्यांनी 1933 मध्ये तिथं रावळगाव शुगर फार्म ही कंपनी काढली आणि 1942 पासून त्या साखरेच्या गोळ्या बनू लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावं आठवतात? म्हणजे घरात जी साखर मोजून वापरावी लागायची, तीच कारखान्यात कडक पाकापर्यंत नेऊन, कागदात गुंडाळून, एकेक गोळी आपल्याला मिळायची. फेब्रुवारी 2024 मध्ये या ब्रँडची नावं आणि कृती रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटी रुपयांना घेतली.

खरं कॅरमल आणि खरा कोको एकत्र आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा चाखला तो पार्लेच्या मेलडीत. 1983 साली आलेली गोळी, बाहेर कॅरमल, आत चॉकलेट. म्हणजे रीलमधला केक आम्हाला नवा नव्हताच. फक्त तो बोटाएवढा होता.

कोको मात्र खरंच बाहेरचा. कोकोचं झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण 20 अंशांपर्यंत, दमट सावलीत वाढतं. नंदुरबार 21 अंशांच्या थोडं वर, आणि उन्हाळा असा की सावलीही तापते. आपल्या देशात कोको केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळी-सुपारीच्या बागांत होतो. मूळचा तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा, आणि तिथं तो शेकडो वर्षं प्यायचा पदार्थ होता. केकमध्ये येण्यासाठी त्याची पूड व्हावी लागली. 1828 मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांनी कोकोतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि उरलेल्या पेंडीची पूड झाली. आपण आज किराणा दुकानातून आणतो तो कोको पावडरचा डबा त्या यंत्राचा वंशज. म्हणजे युरोपातही चॉकलेट केक काही सनातन नाही.

तर मग केक

दोन दिवसांनी पुन्हा केला. मित्र दिवाळीला भेटायला आला तेव्हा त्याला सांगितलं होतं, त्यानं वाळलेल्या मोहाचा डबा आणला.

केकचं पीठ नेहमीचंच: मैदा, कोको, साखर, दही, तेल, सोडा. हांडव्याच्या भांड्याला तूप लावून त्यात ओतलं. वाळू आधी दहा मिनिटं तापवली. पुढे आच किती ठेवायची हे आजीनं ठरवलं. झाकणावर हात धरायचा, बसलं तर "आजून टाइम से" म्हणायची. पाऊण तासानं सुरी कोरडी निघाली.

कॅरमल मी केलं. जाड बुडाची कढई, 200 ग्रॅम साखर, पाणी नाही, आच मंद. कडेची साखर वितळली की हलकेच मध्ये ओढायची, सारखं ढवळायचं नाही, नाहीतर पुन्हा दाणे धरतात. रंग वाळक्या मोहासारखा झाला की गॅस बंद, लगेच 90 ग्रॅम लोणी, मग 120 मिली कोमट क्रीम थोडं थोडं. ते जोरात फसफसतं, म्हणून कढई खोल हवी आणि पोरं लांब हवीत. शेवटी मीठ, आणि कोरडा भाजून भरडलेला मूठभर मोह. पहिल्या वेळी मी घाबरून लवकर थांबलो होतो. या वेळी आजी शेजारीच उभी होती आणि तिनंच सांगितलं, "ऱ्हाऊ दे, आजून खरपूस व्हवा दे."

साखरेला खरपूस म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

केक एका बाजूनं थोडा बसका झाला. कॅरमल जरा जास्तच पातळ झालं आणि ताटात जमा झालं. बहिणीनं ते बोटानं चाटून संपवलं, म्हणजे तिची तक्रार नव्हती. काकांनी दुसरा तुकडा घेतला आणि विचारलं, "यात मनुका घातल्या का?" मित्र म्हणाला, "मोह आहे." काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा ताटाकडे. बाटलीचा विनोद त्यांच्या ओठांवर आला होता, मला दिसला. पण त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, "वाढ अजून."

आजीनं फक्त एवढंच विचारलं, की साखर किती लागली. मी 200 ग्रॅम सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मनात हिशेब करत असणार. मग म्हणाली, वर्षातून एकदा चालेल.

मंडळी, तुमच्या माळ्यावर असं कोणतं भांडं पडलंय, विचारून बघा. घरून पीठ घेऊन कोणत्या बेकरीत जायचे, कोण नंबर लावायचं, किती डबे व्हायचे, तेही विचारा आणि रेकॉर्ड करून ठेवा. फोन आहेच हातात. पुढच्या भागात भेटू.